खाणीतील टाकाऊ माती आणि गाळ: ‘डंप स्थिर करून झाडे लावू’ एवढे पुरेसे का नाही

आपण विचारले आहे की, गोव्यातील डिचोली-सत्तरी पट्ट्यात लिलावानंतर लोहखनिजाच्या खाणी पुन्हा सुरू होत असताना ग्रामसभेपुढे जो पर्यावरण आराखडा ठेवला जातो, त्यात टाकाऊ मालाविषयी, म्हणजे मातीचे ढिगारे (डंप) आणि धुतलेल्या गाळाची तळी (टेलिंग पाँड) यांविषयी, ‘डंप स्थिर करून त्यावर वृक्षारोपण करण्यात येईल आणि टेलिंग पाँडची योग्य देखभाल केली जाईल’ एवढीच दोन वाक्ये असतात. ती पुरेशी मानावीत काय, आणि मानू नयेत तर नेमके काय विचारावे. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: पुरेशी मानू नयेत. दुसऱ्या भागासाठी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण या दोन वाक्यांत जे लिहिलेले नसते त्यावरच खालच्या वाडीची, शेताची आणि ओहोळाची सुरक्षितता अवलंबून असते.

गेली जवळजवळ तीस वर्षे मी डंपचे उतार आणि टेलिंगचे बंधारे यांच्या स्थिरतेचे काम करतो आहे. त्यातला बराच काळ गोवा आणि सिंधुदुर्गाच्या जांभ्याच्या मुलखात गेला, काही वर्षे विदर्भातील कोळशाच्या पट्ट्यात गेली. या सगळ्या कामातून माझी एक समजूत पक्की झाली आहे. खाणीच्या आराखड्यात डंप हा ‘उरलेला माल’ म्हणून शेवटच्या पानावर येतो, पण प्रत्यक्षात खाणीने उभारलेली सर्वांत दीर्घायुषी वास्तू तोच असतो. खनिज वीस-तीस वर्षांत संपते, यंत्रे आणि कार्यालये निघून जातात, डंप मात्र तिथेच राहतो आणि दर पावसाळ्यात त्याची नव्याने परीक्षा होते. परीक्षा घेणारे पाणीच असते. म्हणून टाकाऊ मालाच्या आराखड्यात मी आधी पाणी कुठून येते, कुठे मुरते आणि कुठून बाहेर पडते हे शोधतो. तेवढे नीट मांडलेले नसेल, तर बाकीच्या पानांवर किती झाडे लिहिली आहेत याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रथम प्रमाण लक्षात घ्यावे. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींत एक टन खनिजामागे साधारणपणे अडीच ते तीन टन टाकाऊ माल निघतो. खाणीवरचे लोक त्याला ‘रिजेक्शन’ म्हणतात. त्यात वरचा जांभा असतो, त्याखालची रंगीत चिकणमाती असते आणि कुजलेला फायलाईट (एक थरदार खडक) असतो, जो हाताला साबणासारखा बुळबुळीत लागतो. हा झाला डंपचा माल. दुसरा प्रकार टेलिंगचा, म्हणजे खनिज धुऊन घेतल्यावर पाण्याबरोबर वाहत येणाऱ्या बारीक गाळाचा. दोन्ही टाकाऊच, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. डंप घसरतो आणि पावसात धुपतो. टेलिंगचा बांध फुटला तर आतला गाळ पातळ होऊन वाहत सुटतो, आणि त्याच्यापुढे कोणाला पळून जाता येत नाही. आराखड्यात दोघांसाठी एकच परिच्छेद असेल, तर तो लिहिणाऱ्याने जागा पाहिलेली नाही असे खुशाल समजावे.

डंपच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय पहिला ट्रक रिकामा होण्याआधी झालेला असतो, आणि तो म्हणजे जागेचा. गोव्यात हा निर्णय पूर्वीपासून अवघड होऊन बसला आहे. पोर्तुगीज काळात दिलेली खाण-कन्सेशन्स जास्तीत जास्त १०० हेक्टरांची होती. एवढ्या पट्ट्यात खड्डा, रस्ते आणि धुण्याचा प्लांट बसवल्यावर तिप्पट निघणारे रिजेक्शन ठेवायला जागा उरत नसे. मग शेजारची डोंगरउतारणीची जमीन घेतली जाई, आणि तीही बहुतेक वेळा घळीच्या तोंडाशी, कारण घळ भरून काढणे सर्वांत स्वस्त पडते. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात लीज क्षेत्राबाहेर डंप टाकता येणार नाही असे स्पष्ट केले, हे योग्यच झाले. पण त्यामुळे आता लीजच्या आत जागा पुरवण्यासाठी डंप उंच आणि उभा करण्याचा मोह वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

घळीच्या तोंडाशी किंवा झऱ्यावर डंप टाकणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडलेली चूक आहे. वेल्समधील अॅबरफॅन या गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीचा सातव्या क्रमांकाचा ढिगारा डोंगरावरून खाली आला आणि त्याने गावची शाळा गाडली. १४४ माणसे गेली, त्यांतली ११६ मुले होती. हा ढिगारा ज्या झऱ्यावर रचला होता, तो झरा नकाशावर नोंदलेला होता. ढिगाऱ्याच्या पोटात पाणी साठत गेले, पायथा भिजून मऊ झाला आणि उरलेले काम गुरुत्वाकर्षणाने केले.

असाच प्रसंग, सुदैवाने जीवितहानीविना, मी स्वतः एका खाणीवर पाहिला आहे. डंपचा पायथा एका बारमाही झरीच्या वर आला होता. आराखड्यात ती जागा ‘कोरडा नाला’ म्हणून दाखवलेली होती, कारण सर्वेक्षण एप्रिलमध्ये झाले होते आणि झरीचे पाणी त्या दिवसांत दगडांखालून वाहत असे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पायथा जवळजवळ दोन मीटर पुढे फुगला आणि डंपच्या माथ्यावर कंबरभर खोल भेगा पडल्या. नंतर चौकशी करताना खालच्या वाडीतल्या बायकांनी सांगितले की, तीन दिवस आधीपासून झरीचे पाणी गढूळ आणि ताकासारखे येत होते. हे त्यांनी खाणीच्या फाटकावर येऊन सांगितलेही होते, पण ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटले नाही. डंपच्या पोटातली बारीक माती झऱ्याबरोबर बाहेर येऊ लागली होती, म्हणजे आतून पोकळी तयार होत होती. त्यानंतर मी कोणत्याही डंपच्या जागेवर गेलो की आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना झरी कुठे कुठे होत्या ते विचारतो. आपल्या ग्रामसभेनेही तेच करावे: गावातल्या सर्व झरी, विहिरी, ओहोळ आणि पाट यांचा एक नकाशा पावसाळ्यातल्या स्थितीसह तयार करावा आणि डंपची आखणी त्यावर ठेवून दाखवायला सांगावे.

जागेनंतर पायाची जमीन. भाताच्या मळीवर किंवा मऊ चिकणमातीवर डंप उभा केला, तर वरचा उतार कितीही सौम्य असला तरी खालची माती दबून बाजूला सरकते आणि तिच्याबरोबर वरचा सगळा भार सरकतो. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरच्या कोळसापट्ट्यात हे काम काळी कापसाची माती करते. पावसाळ्यात ती फुगते, तिची ताकद उरत नाही, आणि डंपखाली तिचा थर तसाच राहिला असेल तर तोच घसरण्याचा पृष्ठभाग होतो. म्हणून तिथे डंप टाकण्याआधी काळी माती काढून वेगळी ठेवणे हा शेतीच्या दृष्टीने तर आवश्यक भाग आहेच, पण स्थिरतेच्या दृष्टीनेही तो अपरिहार्य आहे. झारखंडमधील राजमहाल प्रकल्पाच्या लालमटिया खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या मातीदगडांचा, ढिगारा सरकून २३ कामगार मृत्युमुखी पडले. डंप कोसळणे ही परदेशातली किंवा जुन्या काळातली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

उताराविषयी एक साधा हिशेब सांगतो, तो ग्रामसभेत कोणालाही फळ्यावर मांडता येईल. ट्रकमधून ओतलेली माती स्वतःहून साधारण ३७ अंशांच्या कोनात थांबते. तो तिचा काठावरचा कोन असतो. कोरडी असताना ती त्यावर थांबते, भिजल्यावर थांबेलच असे नाही. दीर्घकाळ टिकण्यासाठी गोव्यासारख्या पावसात एकंदर उतार २८ अंशांपेक्षा जास्त असू नये, आणि चिकणमातीचे प्रमाण अधिक असेल तर त्याहूनही कमी ठेवावा. आता ३० मीटर उंचीचा डंप घ्या. ३७ अंशांवर त्याच्या एका बाजूच्या उताराला सुमारे ४० मीटर आडवी जागा लागते. २८ अंशांवर ५६ मीटर लागते. म्हणजे प्रत्येक बाजूला १६ मीटर जमीन जास्त. या सोळा मीटरांचा खर्च टाळण्यासाठीच डंप उभे राहतात. आराखड्यात डंपची उंची, एकंदर उतार, टप्प्यांची रुंदी आणि पायथ्यापासून लीजच्या हद्दीपर्यंतचे अंतर हे चार आकडे दिले असतील, तर तो उतार खरोखर तेवढ्या जागेत बसतो की नाही हे याच हिशेबाने पडताळता येते. मी पाहिलेल्या अनेक आराखड्यांत तो बसत नव्हता.

टप्पे पाडताना प्रत्येक टप्प्याचा ढाळ आतल्या बाजूला, म्हणजे डंपकडे हवा, आणि तिथून पाणी चिऱ्याच्या किंवा दगडी पाटाने खाली उतरवायला हवे. ढाळ बाहेरच्या कडेला असेल, तर एका पावसाळ्यात उतारावर माणूस मावेल एवढ्या घळ्या पडतात. डंपच्या वरच्या अंगाला डोंगराचे पाणी वळवणारा गार्लंड ड्रेन आणि पायथ्याशी टो-वॉल हे तर बहुतेक ठिकाणी असतात, पण त्यांत दोन दोष वारंवार आढळतात. टो-वॉल चिऱ्यांची पक्की बांधून तिला पाणी जायला भोकेच ठेवत नाहीत, त्यामुळे डंपचा निचरा अडतो आणि जी भिंत आधारासाठी बांधली तीच पायथा भिजवत ठेवते. आणि गार्लंड ड्रेन पहिल्या वर्षी स्वच्छ असतो, दुसऱ्या वर्षी गाळाने अर्धा भरतो, तिसऱ्या वर्षी त्याचे पाणी उलटून डंपमध्येच शिरते. मे महिन्याच्या अखेरीस तो पूर्ण उपसलेला असलाच पाहिजे. हे काम लहान दिसते, म्हणून ते राहते.

पाण्याबरोबर जाणाऱ्या मातीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण गावाला रोज त्रास होतो तो तिचा. फायलाईटचे कण इतके बारीक असतात की स्थिर पाण्यातही खाली बसायला त्यांना तासन् तास, कधी दिवस लागतात. एकच लहान खड्डा खणून त्याला ‘सेटलिंग पाँड’ म्हटले, तर भर पावसात त्यातून पाणी जसे लाल येते तसेच लाल बाहेर जाते. एकापाठोपाठ तीन-चार खड्डे, मध्ये दगडी गाळणीचे बांध, आणि पावसाळ्यातही गाळ काढता येईल असा रस्ता, एवढी व्यवस्था लागते. डिचोली आणि वाळवंटी या नद्यांच्या पाण्यावरच्या शेतांत हा गाळ एकदा बसला की उन्हात त्याची सिमेंटसारखी पापडी धरते. भाताच्या मुळांना हवा मिळत नाही, आणि शेतकऱ्याला पुढची कित्येक वर्षे ती जमीन सुधारण्यात घालवावी लागतात. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटात तो शिरला तर पाटच बुजतो.

आता झाडांविषयी, कारण आपल्या आराखड्यातले अर्धे वाक्य त्यांच्यावरच आहे. झाडे लावू नयेत असे मी मुळीच म्हणणार नाही. पण झाडाची मुळे वरच्या एक-दोन मीटर मातीला धरून ठेवतात, आणि डंप घसरतो तो त्याहून फार खोलवरून. त्यामुळे ३७ अंशांच्या उभ्या डंपवर हिरवळ आणली तर तो हिरवा दिसतो एवढेच. तो स्थिर झाला असे होत नाही. गोव्यात एकेकाळी डंपवर ऑस्ट्रेलियन बाभळीची सरसकट लागवड झाली. ती लवकर वाढते, नापीक मातीत तग धरते, पण तिच्या जाड पानांच्या थराखाली दुसरे काही सहसा उगवत नाही, आणि खालची माती उघडीच राहते. माझ्या अनुभवात योग्य क्रम असा: आधी उतार सौम्य करणे, मग खाण सुरू करताना बाजूला काढून ठेवलेली वरची सुपीक माती पसरणे, त्यावर काथ्याची जाळी अंथरून गवत आणि वाळा यांनी पृष्ठभाग बांधून घेणे, आणि त्यानंतर करंज, खैर, शिवण, बांबू अशी स्थानिक झाडे. सुपीक माती वेगळी जपून वापरणे हे खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ नुसार खाणधारकाचे कर्तव्यच आहे. मात्र ती दहा मीटर उंच ढिगात पाच वर्षे दाबून ठेवली, तर तिच्यातले जीवजंतू आणि बी मरून जाते. नियम पाळला गेला असे कागदावर दिसते, पण पसरायला जी उरते ती निर्जीव माती असते. म्हणून ती कोठे, किती उंचीच्या ढिगात आणि किती काळ ठेवणार, हे विचारावे.

याच नियमांत, जिथे शक्य असेल तिथे टाकाऊ माल खाणीच्या खड्ड्यात परत भरावा, असेही सांगितले आहे. हा सर्वांत चांगला मार्ग आहे. त्यावर ‘माल फुगतो, मावत नाही’ असे उत्तर हमखास मिळते, म्हणून त्याचाही हिशेब सांगतो. जमिनीतून चार घनमीटर काढले, त्यातले एक खनिज म्हणून गेले आणि तीन उरले असे धरू. खोदलेला माल साधारण तीस टक्के फुगतो, म्हणजे तीनचे जवळपास चार होतात. थोडक्यात, तो खड्ड्यात बहुतांशी मावतो. खरी अडचण वेगळी आणि प्रामाणिक आहे: खड्ड्याच्या तळाशी खनिज शिल्लक असेपर्यंत तो बुजवता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे खाणकाम टप्प्याटप्प्याने, एक भाग पूर्ण संपवून पुढच्या भागात जाणे, आणि मागच्या भागात पुढचा माल भरत जाणे. हा क्रम खाण सुरू होण्यापूर्वी ठरवावा लागतो. दहा वर्षांनी आठवला तर उपयोग नसतो. विदर्भात ओव्हरबर्डनमधील वाळू वेगळी काढून ती बांधकामासाठी वापरण्याचे कामही वेस्टर्न कोलफील्ड्सने नागपूर जिल्ह्यात केले आहे. डंप मुळातच लहान व्हावा या दिशेने जाणारा असा प्रत्येक प्रयत्न मला मोलाचा वाटतो.

टेलिंगकडे येतो. हा विषय डंपपेक्षा गंभीर आहे, आणि इथे मी अधिक काटेकोर राहण्याची विनंती करीन. टेलिंग म्हणजे पाण्याने भरलेला बारीक गाळ. त्याचे कण एकमेकांना टेकलेले असतात तोवर तो जमिनीसारखा वागतो. कणांमधल्या पाण्यावर अचानक दाब आला की कण एकमेकांपासून सुटतात आणि काही सेकंदांत तीच जमीन द्रवासारखी वाहू लागते. याला द्रवीकरण म्हणतात. त्यासाठी भूकंपच व्हावा लागतो असे नाही.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील ब्रुमाजिन्यो येथे वाले कंपनीचा ८६ मीटर उंचीचा बंधारा २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी असाच फुटला. लोहखनिजाचाच गाळ, म्हणजे आपल्या ओळखीचाच माल. २७० माणसे गेली, त्यातली बरीच बंधाऱ्याच्या खालीच असलेल्या कंपनीच्या उपाहारगृहात आणि कार्यालयात होती. बंधाऱ्यात नवा गाळ टाकणे काही वर्षांपूर्वीच थांबले होते, आणि तो स्थिर असल्याचे प्रमाणपत्र मागच्याच वर्षी बाहेरच्या संस्थेने दिलेले होते. तज्ज्ञसमितीने नंतर काढलेला निष्कर्ष मी दर नव्या सहकाऱ्याला वाचायला लावतो: बंधारा ज्या पद्धतीने रचला होता त्यात पाण्याचा निचरा अपुरा होता, आतला गाळ ओला आणि ठिसूळ राहिला होता, सततच्या सूक्ष्म सरकण्याने आणि जोराच्या पावसाने त्याची उरलीसुरली ताकद गेली, आणि फुटण्याआधी उपकरणांवर धोक्याची ठळक खूण दिसलीच नाही. या शेवटच्या वाक्याचा अर्थ फार मोठा आहे. उपकरणे लावली म्हणजे काळजी मिटली असे नाही. रचनाच चुकीची असेल, तर मोजमापाने ती सुधारत नाही.

ब्रुमाजिन्योच्या बंधाऱ्याची ती पद्धत म्हणजे बंधारा आतल्या बाजूला, साठलेल्या गाळावरच टेकवून, थराथराने वाढवत नेणे. बाहेरच्या बाजूला भक्कम भराव घालून वाढवण्यापेक्षा ती खूप स्वस्त पडते. चिलीमध्ये मार्च १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे येथील बंधारे फुटून दोनशेहून अधिक माणसे गेल्यावर त्या देशाने १९७० मध्ये ही पद्धत बंद केली. ब्राझीलमध्ये २०१५ साली मारियाना येथे १९ बळी गेले आणि डोसे नदी समुद्रापर्यंत गढूळ झाली, तरी ती चालू राहिली, आणि ब्रुमाजिन्योनंतर मगच तिच्यावर बंदी आली. आपल्या आराखड्यात टेलिंग पाँडचा बांध भविष्यात ‘उंच करण्यात येईल’ असे असेल, तर तो कोणत्या बाजूला वाढवणार हा प्रश्न ग्रामसभेने विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. साठलेल्या गाळावर वाढवणार असतील, तर माझ्या मते आपल्याकडच्या पावसात त्याला संमती देऊ नये.

गोव्यातील बरेच टेलिंग पाँड घळीत बांध घालून किंवा जुन्या खड्ड्यांत केलेले आहेत. खड्ड्यातला साठा फुटण्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित असतो, तिथे भूजलाचे परीक्षण करत राहावे लागते. घळीतल्या पाँडचा खरा शत्रू म्हणजे वरून येणारे डोंगराचे पाणी. १० हेक्टरांचा पाँड आहे आणि त्याच्यावर ४० हेक्टर डोंगराचे पाणी उतरते असे समजा. सह्याद्रीच्या पायथ्याला एका दिवसात २५० मिलिमीटर पाऊस होणे ही अनोळखी गोष्ट नाही. जमीन आधीच भिजलेली असेल, तर त्या एका दिवसात सव्वा लाख घनमीटर पाणी पाँडमध्ये येते आणि पातळी सव्वा मीटर वर चढते. आराखड्यात फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा यांतले अंतर, एक मीटर लिहिलेले असेल आणि सांडवा नसेल, तर बांधावरून पाणी जाणार हे ठरलेलेच आहे. मातीच्या बांधावरून पाणी गेले की तो तासाभरात कापला जातो. दक्षिण आफ्रिकेतील मेरीस्प्रूट वसाहतीत २२ फेब्रुवारी १९९४ च्या रात्री नेमके हेच झाले: पावसाचे पाणी बांधावरून गेले आणि खालच्या घरांत गाळ शिरून १७ माणसे दगावली. तेव्हा डोंगराचे पाणी पाँडच्या बाहेरून वळवले आहे का, सांडवा किती पावसासाठी आहे, आणि ३१ मे रोजी पाण्याची पातळी किती खाली असेल, हे तीन आकडे मागावेत.

शक्य असेल तिथे गाळातले पाणी यंत्राने पिळून काढून त्याची ओलसर वडी रचून ठेवणे, हा फुटण्याचा धोका मुळातूनच कमी करणारा मार्ग आहे. राजस्थानात झावर येथे जस्ताच्या खाणीवर असा प्लांट चालतो. खर्च जास्त येतो हे खरे, आणि कोकण-गोव्याच्या पावसात रचलेला माल पुन्हा भिजू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी तो दाबून, उतार देऊन झाकावा लागतो. पण त्याच पाण्याचा प्लांटमध्ये पुन्हा वापर होतो आणि पाँडची जागा वाचते, त्यामुळे नव्या लीजधारकांनी हा पर्याय तपासला का, आणि नाकारला असेल तर कोणत्या हिशेबाने नाकारला, हे त्यांनी सांगायला हवे.

आम्लयुक्त पाण्याविषयी थोडक्यात: गोव्याचे लोहखनिज ऑक्साइड प्रकारचे असल्याने तो इथला मुख्य धोका नाही; इथे लोह, मँगनीज आणि गढूळपणा तपासावा. कोळशाच्या आणि तांबे-जस्ताच्या खाणींत मात्र टाकाऊ मालात गंधकयुक्त खनिजे असतात, हवा-पाण्याशी संपर्क आला की त्यातून आम्ल सुटते, आणि ते एकदा सुरू झाले की दशकानुदशके थांबत नाही. तिथे डंप टाकण्याआधीच मालाची चाचणी करून आम्लकारी माल वेगळा, चिकणमातीने वेढून ठेवावा लागतो.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तांत्रिक प्रश्नांइतकाच महत्त्वाचा आहे. ब्रुमाजिन्योनंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंगसाठी जागतिक मानक जाहीर झाले; संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, मोठ्या खाण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि गुंतवणूकदारांची संघटना यांनी मिळून ते केले. त्यातल्या दोन अपेक्षा मला सर्वांत उपयोगी वाटतात. एक, प्रत्येक साठ्यासाठी नावानिशी एक अभियंता जबाबदार असावा, आणि कंपनीच्या वरच्या पातळीवरही नावानिशी एक अधिकारी उत्तरदायी असावा. दुसरी, बांध फुटला तर गाळ कुठवर, किती मिनिटांत पोहोचेल याचा अभ्यास करून तो खालच्या वस्तीसमोर उघडपणे ठेवावा. आपल्याकडे खाणीचे व्यवस्थापक बदलत राहतात, सल्लागार अहवाल देऊन जातात, आणि पाच वर्षांनी पिझोमीटरच्या (मातीतील पाण्याची पातळी मोजणाऱ्या उपकरणाच्या) नळीत पाणी वर का चढले हे सांगू शकणारा एकही माणूस जागेवर नसतो. म्हणून ग्रामसभेने नाव मागावे, त्याचा फोन पंचायतीच्या फलकावर लावायला सांगावे, आणि पिझोमीटरच्या नोंदी पावसाळ्यात दर आठवड्याला पंचायतीत याव्यात असा ठराव करावा. त्या नोंदींबरोबर प्रत्येक उपकरणासाठी दोन पातळ्या ठरलेल्या असाव्यात: एकीवर तपासणी सुरू होते, दुसरीवर खालची जागा रिकामी केली जाते. पातळीच ठरलेली नसेल, तर आकडे नुसते वहीत पडून राहतात.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही: जुन्या डंपची उचल. पूर्वी कमी प्रतीचे म्हणून टाकलेले खनिज नंतर विकले जाऊ लागले, त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे डंप आता पुन्हा खणले जाण्याची शक्यता असते. असा डंप इतक्या पावसाळ्यांत बसून, दबून, स्वतःचा निचरा शोधून एका समतोलात आलेला असतो. त्याचा माल पायथ्याकडून उचलला, आणि रस्ता जवळ असल्याने तो पायथ्याकडूनच उचलला जातो, तर आधार काढून घेतल्यासारखे होते. जुना डंप हलवायचाच असेल, तर तो वरून खाली, टप्प्याटप्प्याने, आणि फक्त कोरड्या महिन्यांतच हलवावा; जूनपूर्वी उरलेला भाग पुन्हा उतार देऊन सोडावा. झाडी वाढलेला, स्थिर झालेला आणि खाली वस्ती असलेला डंप हलवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्यात कितीही खनिज असो.

पैशाविषयी. खाण बंद झाल्यावर डंप आणि पाँड यांची देखभाल कोण करणार, याची तरतूद म्हणून खाणधारकाकडून हेक्टरी काही लाख रुपयांची आर्थिक हमी घेतली जाते. एखाद्या मध्यम डंपचा उतार ३७ अंशांवरून २८ वर आणण्यासाठी जी लाखो घनमीटर माती हलवावी लागते, तिच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. त्यामुळे उतार सौम्य करणे, टप्पे पाडणे आणि निचरा करणे ही कामे ‘खाण बंद होताना’ या शीर्षकाखाली कधीही मान्य करू नयेत. डंपचा जो टप्पा पूर्ण झाला तो त्याच वर्षी अंतिम उताराला आणून, माती पसरून बंद करावा, आणि ते झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नये, अशी अट आत्ताच घालून घ्यावी. खाणीला उत्पन्न असते तेव्हाच हे काम होते.

आराखड्यावरील आक्षेप मुदतीत द्यायचे असतील, तर त्यांत झरींचा नकाशा, उताराचा हिशेब, पाँडचे तीन आकडे, बांध वाढवण्याची पद्धत आणि जबाबदार अभियंत्याचे नाव या मागण्या प्रथम घालाव्यात. त्यांची लेखी उत्तरे येईपर्यंत वृक्षारोपणाची चर्चा बाजूला ठेवली तरी चालेल. आणि या पावसाळ्यापासूनच गावातल्या दोन-तीन जणांनी एक काम नेमाने करावे: डंपच्या पायथ्याच्या आणि पाँडच्या बांधाखालच्या ठरावीक सहा-सात जागांवरून, दर आठवड्याला त्याच ठिकाणी उभे राहून फोनवर छायाचित्र घ्यावे आणि तारखेनुसार जपून ठेवावे. पायथ्याशी नवा पाझर दिसला, जुना पाझर गढूळ झाला, टो-वॉल बाहेर झुकली, किंवा माथ्यावर नवी भेग दिसली, तर ते त्याच दिवशी पंचायतीमार्फत खाणीला आणि भारतीय खाण ब्युरोच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे, आणि पाऊस चालू असेल तर उत्तराची वाट न पाहता खालच्या घरांतील माणसांना हलवावे.